एमडीआर टीबी आणि सहा महिन्यांचा नवा कोर्स: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. २०१४ साली धाकट्या भावाला एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी निघाला, तेव्हापासून या आजाराशी माझी ओळख. त्याचा कोर्स संपला, पण ओपीडीच्या बाकड्यावर भेटलेल्या बायकांचे फोन येत राहिले, मग त्यांच्या शेजारणींचे. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहूनच काढले. कुठली गोळी चालू करायची, कुठली थांबवायची हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. त्यांच्यापुढे बसल्यावर काय विचारायचं, तेवढं इथे सापडेल.

ताई, एमडीआर सहा महिन्यांत बरा होतो म्हणतात. खरं की व्हॉट्सअ‍ॅपवरचं?

खरं आहे. या कोर्सला बीपाल-एम म्हणतात. त्यात चार औषधं: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. सगळी तोंडाने घ्यायची, इंजेक्शन एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याची शिफारस केली आणि आपल्या केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली.

शिफारस हवेतून आलेली नाही. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने दक्षिण आफ्रिका, बेलारूस आणि उझबेकिस्तानात 'टीबी-प्रॅक्टिकल' नावाची ट्रायल घेतली. काही रुग्णांना तिथला नेहमीचा लांबलचक उपचार, काहींना हा नवा. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं, डॉक्टरच्या मर्जीवर काहीच नाही. नेहमीच्या उपचारात ४८ टक्के रुग्णांचा निकाल वाईट लागला, बीपाल-एममध्ये ११ टक्क्यांचा. फरक इतका उघड दिसायला लागला की मार्च २०२१ मध्ये देखरेख समितीच्या सल्ल्याने नवे रुग्ण घेणंच थांबवलं.

त्याआधी दक्षिण आफ्रिकेत 'निक्स-टीबी' झाली होती. मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडून बाकीची तीन औषधं, १०९ रुग्ण, तेही जवळजवळ हात टेकलेले. त्यातल्या ९० टक्क्यांचा निकाल चांगला लागला. त्या ट्रायलमध्ये तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून डॉक्टर मंडळी काही काळ हात राखूनच बोलत होती. मला ते योग्यच वाटतं.

४८ टक्के वाईट निकाल? म्हणजे जुन्या औषधांनी निम्मे लोक गेले?

नाही हो. हा आकडा असाच अर्धवट फिरतो आणि लोक घाबरतात. ट्रायलमध्ये 'वाईट निकाल' या एका टोपलीत मृत्यू, औषध लागू न पडणं, आजार उलटणं, मध्येच कोर्स सोडणं हे सगळं टाकतात. जुन्या उपचाराच्या गटात मोठा वाटा होता त्रास सहन न झाल्यामुळे औषधं थांबवाव्या लागलेल्यांचा. गंभीर दुष्परिणामांचा हिशेबही तसाच लागला: जुन्यात ५९ टक्के, नव्यात १९.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना आकडा समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे रोज सकाळी दहा-बारा गोळ्या असायच्या. भाऊ त्या ताटलीत ओतायचा आणि अर्धा तास नुसता बघत बसायचा. पुढे अर्धा तास मोरी.

रिपोर्टवर 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड' लिहिलंय. हाच एमडीआर का?

जवळपास. रिफाम्पिसिन आणि आयसोनायझिड ही साध्या टीबीची दोन मुख्य औषधं. दोन्ही लागू पडत नसतील तर एमडीआर. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीन जंतूच्या जनुकात रिफाम्पिसिनला दाद न देणारा बदल आहे का, ते बघतं. निकाल काही तासांत येतो. (ट्रूनॅट आपल्या गोव्यात बनतं, हे मी सगळ्यांना उगाचच सांगत असते.) रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू बहुतेक वेळा आयसोनायझिडलाही देत नाही, म्हणून डॉक्टर थांबून न राहता एमडीआरच्या दिशेने पावलं टाकतात.

पण तिथे थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा: "फ्लोरोक्विनोलोनची तपासणी गेली का?" मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन त्याच घरातली. जंतू त्यांनाही सरावलेला असेल तर बीपाल-एममधलं 'एम' उपयोगाचं नाही, ते काढून तिघांवर कोर्स चालतो आणि गरज पडली तर नऊ महिन्यांपर्यंत वाढवतात. एलपीए नावाची तपासणी हे सांगते. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला वेळ लागतो, टीबीचा जंतू वाढायला आळशी; निगेटिव्ह म्हणण्याआधी लॅब सहा आठवडे वाट बघते. लोक मला पहिल्याच फोनवर विचारतात, किती महिने? मी उलट विचारते, कुठलं औषध चालत नाही ते कळलं का? ते कळल्याशिवाय महिन्यांच्या गप्पा व्यर्थ आहेत.

खोकल्यावर डॉक्टरांनी आधी साधं अँटिबायोटिक दिलं होतं, थोडं बरंही वाटलं. मग टीबी कसा?

बरं वाटलं ना, तिथेच घात होतो. लिव्होफ्लॉक्सासिन साध्या छातीच्या संसर्गाला सर्रास देतात. ते टीबीच्या जंतूलाही थोडं मारतं. खोकला कमी होतो, ताप उतरतो, आणि थुंकीची तपासणी महिनाभर पुढे जाते. एकट्या औषधाने अर्धमेला झालेला जंतू त्या औषधाला सरावण्याची भीती वेगळीच.

माझ्या भावाला आमच्या गल्लीतल्या एका डॉक्टरने तीन वेळा हाच कोर्स दिला होता. प्रत्येक वेळी पाच दिवस बरं, मग पुन्हा तेच. थुंकी तपासा असं कुणी म्हणेपर्यंत पावसाळा संपला होता. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला असेल तर आधी बेडका तपासून घ्या, आणि एक्स-रेसुद्धा. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की एक्स-रे केला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण हातातून निसटले असते. लक्षणं असून दवाखान्याची पायरी न चढलेले तर जवळपास ६४ टक्के होते.

सहा महिन्यांचा कोर्स कुणाला देत नाहीत?

चौदा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका. मेंदूचा, हाडांचा आणि अंगभर पसरलेला टीबी. यांच्यासाठी दुसरे, बहुधा जास्त लांबीचे कोर्स आहेत, तेही तोंडाने घ्यायचेच. दूध पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना ते आधीच सांगावं, विचारण्याची वाट बघू नये.

गोळ्या रोज की दिवसाआड? आमच्याकडे यावरून भांडण झालं.

बेडाक्विलिनमुळे सगळ्या घरांत हे भांडण होतं. पहिले दोन आठवडे ती रोज, त्यानंतर आठवड्यातून तीनच दिवस. बाकीच्या तीन मात्र रोज. बेडाक्विलिन अंगात खूप हळूहळू कमी होते, कोर्स संपल्यावरही महिनोन् महिने उरते, म्हणून ती रोज लागत नाही. जेवणाबरोबर घ्यायची, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही.

सोपा उपाय सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोमवार-बुधवार-शुक्रवारला लाल टिकली लावा, चिकटवायची साधी टिकली. कुर्ल्याच्या एका आजींनी हे सुरू केलं, तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते. त्यांच्या नातवाचं कॅलेंडर सहा महिन्यांनी एखाद्या देवीच्या फोटोसारखं दिसत होतं.

ही गोळी हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकते, त्यामुळे मधूनमधून ईसीजी काढतात. "छातीत काही होत नाही तर कशाला" म्हणून चुकवू नका. चक्कर आली, छातीत धडधडलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

आणि एक. ही औषधं नवी आहेत म्हणून जंतू त्यांना सरावणार नाही असं नाही. २०२१ पासून एक्सडीआरच्या, म्हणजे एमडीआरच्याही पुढच्या, आणखी औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या व्याख्येतच बेडाक्विलिन आणि लिनेझोलिडची नावं आली आहेत. मध्येच बंद, पुन्हा चालू, असं केलं तर बेडाक्विलिन एकटीच अंगात रेंगाळते आणि जंतूला सरावाला मोकळं रान मिळतं.

पायाला मुंग्या येतात. चालेल का?

चालणार नाही, लगेच सांगा. हे लिनेझोलिडचं काम असू शकतं. रुग्ण त्याचं वर्णन फार नेमकं करतात: "पायात चप्पल आहे की नाही कळतच नाही." निक्स-टीबीत रोज १२०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करायचे आणि ८१ टक्के लोकांना नसांचा त्रास झाला. मग 'झेनिक्स' ट्रायलमध्ये डोस आणि दिवस कमी-जास्त करून पाहिले. २६ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम देऊन निकाल ९१ टक्के चांगला लागला आणि नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला. आज ६०० मिलिग्रॅम देतात ते यामुळे. औषध शोधणारे मोठे, पण डोस निम्मा करून बघणाऱ्यांचे उपकार मला जास्त वाटतात.

लिनेझोलिडने रक्तही कमी होतं, म्हणून सीबीसी ही रक्ताची तपासणी करायला लावतात. डोळ्यांवरही परिणाम होतो. घरी एकेक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचून बघा, लाल रंग फिका वाटतोय का तेही. काही बदल जाणवला तर त्याच दिवशी दवाखाना. स्वतःच्या मनाने गोळी सोडू नका, डोस किती कमी करायचा किंवा थांबवायचा ते डॉक्टरच ठरवतील.

ही औषधं केमिस्टकडे मिळतील का? पैसे किती लागतील?

सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात. खासगी डॉक्टरकडे असाल तरी सरकारच्या टीबी यादीत नोंदणी होऊन निक्षय आयडी, म्हणजे त्या यादीतला तुमचा नंबर, मिळायलाच हवा. पालिकेच्या हेल्थ पोस्टवर किंवा वॉर्डच्या टीबी ऑफिसात विचारा.

बेडाक्विलिनची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा चाळीस वर्षांत आलेलं ते टीबीचं पहिलं नवं औषध होतं. भारतात २०१६ मध्ये आलं ते मोजक्या सहा केंद्रांत. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच औषधाच्या एका क्षारावर वेगळं पेटंट मागितलं होतं, ते मिळालं असतं तर मक्तेदारी आणखी चार वर्षं चालली असती. त्याविरुद्ध मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी २०१९ मध्ये हरकत घेतली. दोघींना टीबी होऊन गेलेला, दोघींचे कान टीबीच्या औषधांनी गेलेले. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीची मागणी फेटाळली आणि भारतीय कंपन्यांना औषध बनवायची वाट मोकळी झाली.

इंजेक्शनं खरंच बंद झाली?

कानामायसिन आणि कॅप्रिओमायसिन वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं. माझ्या भावाला कानामायसिन सहा महिन्यांच्या वर टोचलं, आठवड्यातून सहा दिवस. बसायला जागा उरली नव्हती, लोकलमध्ये सीट मिळाली तरी उभा राहायचा. कानात शिट्टी वाजते असं त्याने सांगितलं, तेव्हा "होतं असं" एवढंच उत्तर मिळालं. कानाची तपासणी सुचवली ती तिथल्या एका सिस्टरने, आणि तोवर उशीर झाला होता.

ट्रायलमध्ये नाव घालता का विचारलं. आम्हाला गिनिपिग करतायत का?

शंका रास्त आहे, ती मनात ठेवून घरी येऊ नका, तिथेच विचारा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून दोघा-चौघांत वाचा. ट्रायल सीटीआरआय या सरकारी यादीत नोंदलेली असलीच पाहिजे, तो नंबर लिहून घ्या. नैतिकता समितीचा फोन नंबर कागदावर असतो. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांनी द्यावी लागते. मध्येच बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार अडवता येत नाही. कुणी 'आत्ताच सही करा' म्हणालं तर उठा.

हेही सांगते की आज आपण ज्या गोळ्या घेतो त्या कुणीतरी आधी ट्रायलमध्ये घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. भारतातही झालंच ना. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या 'बीट' अभ्यासात फ्लोरोक्विनोलोन किंवा इंजेक्शनला दाद न देणाऱ्या टीबीच्या १६५ रुग्णांना चार तोंडी औषधं दिली, सहा ते नऊ महिने. ९१ टक्क्यांचा निकाल चांगला आला.

आजारी माणसाला वेगळं ठेवायचं का? भांडी वेगळी?

भांड्यांतून टीबी पसरत नाही, हवेतून पसरतो. ताट-वाटी वेगळी करून माणसाचं मन तेवढं दुखतं. खिडकी उघडा, मास्क लावा, पहिल्या काही आठवड्यांत शक्य असेल तर झोपायची जागा हवेशीर ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण असताना 'वेगळी खोली द्या' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मद्रासमध्ये १९५० च्या दशकात हीच परिस्थिती धरून अभ्यास झाला: काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, काही गरीब वस्तीत आपापल्या घरी, औषधं तीच. १९५९ मध्ये निकाल आला. घरी राहिलेलेही तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झाली नाही. तो अभ्यास साध्या टीबीचा होता, पण औषध लागू पडू लागलं की जंतू बाहेर पडणं झपाट्याने घटतं हे एमडीआरलाही लागू आहे.

मग घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं?

सगळ्यांचा एक्स-रे, लहान मुलांना आधी. साध्या टीबीच्या घरात आठवड्यातून एकदा, असे बारा डोस घ्यायचा प्रतिबंधक कोर्स आहे. एमडीआरच्या घरांसाठी बरीच वर्षं ठोस काही नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये व्हिएतनाम आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दोन ट्रायलचे निकाल छापून आले, सहा महिने लिव्होफ्लॉक्सासिनचे. एकेकटी बघितली तर दोन्हींत आजार कमी दिसला, पण योगायोग म्हणता येईल इतपतच. दोन्ही एकत्र मोजल्यावर धोका साधारण ६० टक्क्यांनी घटलेला दिसला. तुमच्या रुग्णाचा जंतू फ्लोरोक्विनोलोनला सरावलेला असेल तर याचा उपयोग नाही. फिरून तोच रिपोर्ट बघायचा.

प्रोटीन पावडर कुठली घेऊ?

डबा राहू द्या. झारखंडमध्ये 'रेशन्स' नावाचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. २,८०० रुग्णांना, सगळ्यांनाच, धान्य दिलं. घरच्यांपैकी मात्र एकाच गटाला माणशी महिना पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. औषध म्हणून बघितलं तर ही डाळ-भाताची जादू कुठल्याही कंपनीला हेवा वाटावा अशी. रुग्णांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढलं तर मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

तेव्हा शेंगदाणे, चणे, अंडी, डाळ. निक्षय पोषण या सरकारी योजनेतून रुग्णाच्या आहारासाठी मिळणारे महिन्याचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १,००० झाले आहेत, बँक खातं आधारला जोडलंय का ते बघा. बहुतेकांचे पैसे तिथेच अडकतात.

टीबीची नवी लस आली का?

अजून नाही. एम७२ नावाची लस आधीच्या टप्प्यात सुमारे ५० टक्के संरक्षण देते असं दिसलं, ते आधीच जंतू अंगात झोपलेल्या मोठ्या माणसांत. तिसरा टप्पा मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाला. दंडावरची बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून जपते, मोठेपणी तिच्यावर विसंबता येत नाही.

मुंबईतच एवढा का?

इथे वर्षाला साठ हजारांच्या आसपास रुग्णांची नोंद होते, त्यात उपचारासाठी बाहेरून आलेलेही धरलेले. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींवर २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात ऊन-वारा न येणाऱ्या घरांचा टीबीशी संबंध दिसला होता, खालच्या मजल्यांवर जास्त. मी तिथे जाते. दुपारी दोन वाजता जिन्यात मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. समोरच्या इमारतीतल्या बाईला खिडकीतून हात लांब करून साखर देता येईल, पण ऊन काही त्या फटीत उतरत नाही. यावर गोळी नाही.

तुमचा भाऊ आता कसा आहे?

बरा आहे. कोर्स २०१६ मध्ये संपला, नोकरी करतो, लग्न झालं, वजन गरजेपेक्षा जास्तच आहे. बोललेलं बऱ्यापैकी ऐकू येतं. बारीक, उंच आवाज मात्र येत नाहीत, मोबाइलची रिंग, दाराची बेल. स्वयंपाक त्याला छान जमतो. फक्त कुकर लावला की मला हाक मारतो, शिट्ट्या मोजायला.